एका फटीचा इतिहास : आयात केलेल्या कॅड पृष्ठभागांची डागडुजी

१/ धागा. कर्जत तालुक्यात आमच्या कडाव परिसरात भर उन्हाळ्यातही भाताची हिरवी खाचरे दिसतात. त्यामागे घाटमाथ्यावरून उतरणारे पाणी आहे. ठोकरवाडी धरणातले पाणी पोलादी नळांतून भिवपुरीच्या वीजगृहात येते, तेथे चक्रे फिरवते आणि बाहेर पडून राजनाला कालव्याच्या वाटेने शेतात पोहोचते. भिवपुरीचे वीजगृह १९२२ सालचे. शेजारच्या खालापूर तालुक्यातील खोपोलीचे त्याहून जुने, १९१५ सालचे. टाटांच्या या योजनांचा इतिहास आपल्याकडे बराच लिहिला गेला आहे. आजचा विषय मात्र त्या पाण्याला वळवणाऱ्या आकाराचा आहे.

२/ सुमारे ५०० मीटर उंचीवरून उतरलेले पाणी तोटीतून सुटते, तेव्हा त्याचा वेग सेकंदाला जवळजवळ १०० मीटर असतो. एवढ्या उंचीवरच्या थोड्या पण वेगवान पाण्यासाठी पेल्टन चक्र वापरतात. लेस्टर पेल्टन यांना त्याचे अमेरिकी पेटंट १८८० साली मिळाले. चक्राच्या परिघावर जोडवाट्यांसारखी पाती असतात. कारखान्यात त्यांना बकेट म्हणतात. दोन वाट्यांच्या मध्ये एक धारदार कणा असतो. पाण्याची धार त्या कण्यावर आदळून दुभंगते, दोन्ही वाट्यांच्या आतून सरकत जवळजवळ उलट दिशेला वळते आणि जाताना आपली बहुतेक ऊर्जा चक्राला देते.

३/ म्हणजे या यंत्राचे सारे सामर्थ्य त्या वाटीच्या वळणात आणि कण्याच्या धारेत आहे. आज अशा पात्यावरून पाणी कसे वाहील हे संगणकावर आधीच तपासता येते. प्रवाहाच्या या संगणकीय अभ्यासाला सीएफडी म्हणतात. परंतु हे काम करणाऱ्या कोणाही अभियंत्याला विचारा : पहिले कित्येक दिवस पाण्याचे गणित सुरूच होत नाही. ते दिवस दुसऱ्याने पाठवलेल्या आकृतीतील फटी बुजवण्यात, चिंध्या काढण्यात आणि उसवलेल्या कडा पुन्हा शिवण्यात जातात. आकृती तर संगणकानेच काढलेली असते. मग ती फाटते कशी? याचे उत्तर तंत्रज्ञानाइतकेच इतिहासातही आहे.

४/ सुरुवात संगणकापूर्वीच्या काळापासून करू. जहाजाचे किंवा विमानाचे वक्र आकार पूर्वी मोठ्या लाकडी तक्तपोशीवर पूर्ण मापात आखले जात. लवचिक लाकडी पट्टी शिशाच्या वजनांनी जागोजागी दाबून धरायची आणि तिच्या कडेने रेघ ओढायची. या पट्टीला इंग्रजीत स्प्लाइन म्हणत. गणितातील स्प्लाइन हा शब्द तेथूनच आला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत रॉय लायमिंग यांनी मस्टँग विमानाच्या आराखड्यासाठी या रेघांना सूत्रांचे रूप दिले. रेघेऐवजी सूत्र मिळाले की आकाराची नक्कल बिनचूक होईल, अशी अपेक्षा होती.

५/ पण सूत्र एकच नव्हते, आणि पुढच्या सगळ्या अडचणींचे मूळ येथेच आहे. १९५९ मध्ये फ्रान्समध्ये सित्रोएन कंपनीत पॉल द कास्तेलजो यांनी वक्र पृष्ठभाग मांडण्याची एक रीत शोधली. कंपनीने ती गुपित ठेवली. रेनॉ कंपनीत पिएर बेझिए यांनी १९६०च्या दशकात त्याच कल्पनेवर स्वतंत्रपणे आपली पद्धत उभारली. बोइंगमध्ये जेम्स फर्ग्युसन यांनी वेगळी मांडणी केली. एमआयटीत स्टीव्हन कून्स यांनी चार कडांमध्ये पृष्ठभाग ताणून बसवण्याची रीत दिली. प्रत्येक कारखान्याने आपल्या गरजेपुरती आपली बोली तयार केली. परस्परांशी बोलण्याची तेव्हा कोणाला निकड वाटली नव्हती.

६/ निकड १९७०च्या दशकाच्या अखेरीस आली. विमानाचा सांगाडा एका कंपनीचा, इंजिन दुसरीचे, सुटे भाग तिसरीचे. आणि प्रत्येकीची कॅड प्रणाली निराळी. १९७९ मध्ये अमेरिकी हवाईदल, तेथील राष्ट्रीय मानक संस्था, बोइंग, जनरल इलेक्ट्रिक आदी एकत्र आले आणि १९८०च्या प्रारंभी आयजेस नावाची देवाणघेवाणीची फाइल-रचना प्रसिद्ध झाली. नावातच 'प्रारंभिक' हा शब्द होता. ती तात्पुरती सोय म्हणून आली आणि चाळीस वर्षांनंतरही कारखान्यांतून हिंडते आहे. तिच्या ओळी आजही ८० अक्षरांच्या असतात, कारण तिचा जन्म छिद्रे पाडलेल्या पत्त्यांच्या काळातील सवयींतून झाला.

७/ आयजेसचा मूळ हेतू आराखडे पोहोचवणे हा होता. रेघा, कमानी, मापे पलीकडच्या पडद्यावर दिसली की काम झाले. पुढे त्यात वक्र पृष्ठभाग आले, त्यांच्या छाटलेल्या कडा आल्या. पण दीर्घकाळ प्रत्येक पृष्ठभाग सुटाच प्रवास करी. 'या तुकड्याची ही कड त्या तुकड्याच्या त्या कडेला जोडलेली आहे' ही माहिती वाटेतच गळून जाई. शिवलेला सदरा उसवून त्याचे तुकडे टपालाने पाठवावेत आणि घेणाऱ्याने ते अंदाजाने जोडावेत, तसा हा व्यवहार होता. संपूर्ण घनाकार पाठवण्याची सोय नंतरच्या आवृत्त्यांत आली, तरी सगळ्यांनी ती वापरली नाही.

८/ १९८४ पासून आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने अधिक नेटकी रचना आखायला घेतली. तिचा पहिला भाग दहा वर्षांनी, १९९४ मध्ये आला : आयएसओ १०३०३, म्हणजे आपण ज्याला 'स्टेप फाइल' म्हणतो ती. तिच्यात तुकड्यांचे परस्परनाते जपले जाते. त्यामुळे परिस्थिती सुधारली. पण फटी संपल्या नाहीत, कारण एक फट फाइलच्या रचनेत नसून गणितातच आहे. ती समजून घेऊ.

९/ दोन वक्र पृष्ठभाग एकमेकांना छेदतात, तेव्हा छेदाची एक वक्ररेषा तयार होते. पेल्टनच्या पात्यात वाटी आणि कणा जेथे भेटतात तेथे अशीच रेषा असते. कॅडमध्ये नेहमी वापरले जाणारे, दोन्ही दिशांना तिसऱ्या घाताचे, दोन साधे पृष्ठभाग घेतले तर त्यांच्या छेदरेषेचा घात किती? टॉमस सेडरबर्ग यांनी १९८०च्या दशकात हा हिशेब मांडला : अशा प्रत्येक पृष्ठभागाच्या बीजगणितीय समीकरणाचा घात १८, म्हणून छेदरेषेचा घात १८ गुणिले १८, म्हणजे ३२४. इतक्या मोठ्या घाताची रेषा कोणतीही प्रणाली जशीच्या तशी साठवत नाही. तिच्याजवळून जाणारी सोपी रेषा काढली जाते आणि तीच खरी मानली जाते.

१०/ आता बारकावा पाहा. ही अंदाजे काढलेली कड सहसा तीन ठिकाणी लिहिली जाते : एकदा अवकाशातील रेषा म्हणून, एकदा पहिल्या पृष्ठभागावर आखलेली रेषा म्हणून आणि एकदा दुसऱ्या पृष्ठभागावर आखलेली रेषा म्हणून. एकाच कडेच्या तीन प्रती! तिन्ही एकमेकींच्या अगदी जवळ असतात, पण तंतोतंत एक नसतात. मूळ प्रणाली म्हणते, 'एवढा फरक मला चालतो.' चालवून घेण्याच्या या मर्यादेला टॉलरन्स म्हणतात. घेणाऱ्या प्रणालीची मर्यादा अधिक कडक असेल, तर पहिलीला एकसंध दिसणारी वस्तू दुसरीला फाटलेली दिसते. दोघींपैकी खोटे कोणीच बोलत नसते.

११/ म्हणून बहुतेक फटींचा दोष आकृती काढणाऱ्याच्या निष्काळजीपणावर टाकता येत नाही. पृष्ठभाग दाखवण्यासाठी आणि कापण्यासाठी ही गणिते जन्मली. मोटारीच्या पत्र्याचा साचा कापणाऱ्या यंत्राला दोन तुकड्यांमधली हजारांश मिलिमीटरची फट जाणवत नाही. हत्यारच त्याहून जाड असते. चित्रात तर ती दिसतही नाही. कारखान्याच्या दृष्टीने आकृती निर्दोष असते. फट पहिल्यांदा खऱ्या अर्थाने 'दोष' ठरली, ती त्या आकृतीत पाणी सोडण्याची इच्छा झाली तेव्हा.

१२/ आपल्या मुलखात आकारात पाणी सोडून पाहण्याची परंपरा जुनी आहे. पुण्याजवळ खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राची सुरुवात १९१६ साली मुंबई इलाख्याच्या सरकारने केली. क्लॉड इंग्लिस यांच्या काळात ते नावारूपाला आले. धरणांच्या सांडव्यांच्या, नद्यांच्या, बंदरांच्या लहान प्रतिकृती बांधायच्या आणि त्यांतून खरे पाणी वाहवायचे. ५०ला १ या प्रमाणातील प्रतिकृतीत १ मिलिमीटरची चूक म्हणजे प्रत्यक्षात ५ सेंटिमीटरची चूक. म्हणून अशा कामात साच्याच्या पट्ट्या लावून गिलावा गुळगुळीत करणाऱ्या गवंड्याचा हात महत्त्वाचा ठरतो. आणि फट राहिलीच तर जमीन ओली होते. गळती डोळ्यांना दिसते.

१३/ संगणकात जमीन ओली होत नाही. तेथे प्रथम पाण्याची जागा लहान लहान कप्प्यांत विभागावी लागते. या कप्प्यांच्या विणीला जाळी किंवा मेश म्हणतात. प्रत्येक कप्प्यात वेग आणि दाब मोजला जातो. पण कप्पे बांधण्याआधी संगणकाला कळायला हवे की आत कोठे आणि बाहेर कोठे. काही पद्धतींत पाण्याच्या जागेतील एक बिंदू दाखवायचा असतो आणि संगणक तेथून सर्व बाजूंना पसरत भिंतीपर्यंतची जागा भरतो. भिंतीत कप्प्याहून मोठी फट असेल, तर तो तिच्यातून निसटून धातूच्या आत शिरतो आणि जेथे पाणी असू नये तेथेही जाळी विणतो. पृष्ठभागाची जाळी आधी विणणाऱ्या पद्धती बहुधा थेट अडून बसतात.

१४/ जाळीचा इतिहासही या गोष्टीला जोडलेला आहे. १९७४ मध्ये मिसिसिपी राज्य विद्यापीठात जो थॉम्पसन आणि सहकाऱ्यांनी आकाराला बिलगून वळणारी चौकटीची जाळी समीकरणे सोडवून तयार केली. ती एका पंखाच्या छेदाला उत्तम बसे, पण गुंतागुंतीच्या वस्तूला बसवताना महिने जात. १९८६ मध्ये अँटनी जेमसन, टिमोथी बेकर आणि नायजेल वेदरिल यांनी चतुष्फलकांची मोकळी जाळी वापरून संपूर्ण विमानाभोवतीचा प्रवाह मोजला. जाळी विणणे आता बरेचसे आपोआप होऊ लागले. त्याबरोबर अडथळा एक पायरी मागे सरकला : जाळी तयार, पण जिच्यावर ती विणायची ती भिंतच फुटकी.

१५/ हा अडथळा किती मोठा होता, हे संस्थांच्या कागदांवरून कळते. १९९४ मध्ये नासाने प्रवाहाच्या अभ्यासासाठी आयजेसचा एक मर्यादित, शिस्तबद्ध पोटप्रकार ठरवून दिला. मूळ रचनेतील मोकळीक फार झाली होती. १९९९ मध्ये अमेरिकी मानक संस्थेसाठी झालेल्या एका अभ्यासाने तेथील मोटार उद्योगाचा या विसंवादापायी होणारा तोटा वर्षाला किमान १ अब्ज डॉलर इतका काढला. त्यातील मोठा वाटा घेणाऱ्याला न वापरता आलेल्या फाइली दुरुस्त करण्याचा किंवा नव्याने काढण्याचा होता. २०१४ मध्ये नासासाठी तयार झालेल्या सीएफडीच्या २०३०पर्यंतच्या आराखड्यातही जाळीनिर्मिती हा मुख्य अडथळ्यांपैकी एक म्हणून नोंदला गेला.

१६/ याच काळात संगणकाचा वेग मात्र झेपावत होता. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅकची स्थापना झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक उभा राहिला. तो आपल्या स्मरणात आहे, आणि असायलाच हवा. परंतु महासंगणक कितीही वेगवान असला तरी उसवलेली आकृती तो स्वतःहून शिवत नाही. आकड्यांचे काम तासांवर आले आणि आकृतीचे काम दिवसांवरच राहिले. ते माणसांकडे उरले.

१७/ ही माणसे कोठे होती? त्यांतील बरीच आपल्याच आसपास होती आणि आहेत. गोदरेज समूहातून १९९४ मध्ये वेगळी झालेली जिओमेट्रिक सॉफ्टवेअर सोल्युशन्स ही मुंबईची कंपनी; तिचे मोठे केंद्र पुण्यात होते. सॉलिडवर्क्स या जगभर वापरल्या जाणाऱ्या कॅड प्रणालीसाठी तिने 'फीचरवर्क्स' हे साधन तयार केले. दुसऱ्या प्रणालीतून आलेल्या मुक्या आकृतीत हे भोक, ही गोलाई, हा उंचवटा असे ओळखून तिला पुन्हा बोलते करणे हे त्याचे काम. २०१७ मध्ये ही कंपनी एचसीएलमध्ये विलीन झाली. फ्लुएंट या प्रसिद्ध सीएफडी प्रणालीच्या कंपनीचे भारतातील कार्यालयही पुण्यातच होते. महासंगणकाचे नाव सर्वांना ठाऊक. डागडुजीच्या या कामाला मात्र स्मारक नाही.

१८/ आता प्रत्यक्ष डागडुजी. समजा, एका पेल्टन पात्याची फाइल आली आहे. जाणकार आधी फटीकडे पाहत नाही. तो माप पाहतो. फाइल इंचांत लिहिलेली आणि वाचली मिलिमीटरमध्ये, तर वस्तू २५.४ पट लहान होते आणि पुढचे सगळे टॉलरन्स निरर्थक ठरतात. मग तो मोकळ्या कडा रंगवून घेतो. नियम साधा आहे : बंद घनाकारात प्रत्येक कड बरोबर दोन पृष्ठांची असते. एकाच पृष्ठाची असेल तर तेथे फट किंवा भोक आहे. तीन पृष्ठांची असेल तर कोठेतरी जादा पापुद्रा चिकटला आहे.

१९/ ऑयलर यांचे अठराव्या शतकातील सूत्रही येथे उपयोगी पडते. आरपार भोक नसलेल्या साध्या घनाकारात शिरोबिंदूंच्या संख्येतून कडा वजा करून पृष्ठे मिळवली की उत्तर २ येते. ठोकळ्याचे पाहा : ८ वजा १२ अधिक ६. उत्तर वेगळे आले तर काहीतरी उसवले आहे किंवा दुप्पट झाले आहे. अडीचशे वर्षांपूर्वीचे हे सूत्र आजच्या घनाकार प्रणालींच्या तपासणीत काम करते आहे.

२०/ दोषांचे प्रकार ठरलेले आहेत. फट, म्हणजे दोन कडांमधले अंतर. ओव्हरलॅप, म्हणजे एक तुकडा दुसऱ्यावर चढलेला. चिंधी, म्हणजे लांबलचक पण केसाएवढ्या रुंदीचा पृष्ठभाग. जाळी तेथे सुईसारखे त्रिकोण विणते आणि गणित डळमळते. दुबार पृष्ठ, म्हणजे एकाच जागी एकावर एक दोन. उलटे पृष्ठ, ज्याची आतली बाजू बाहेर आली आहे. स्वतःलाच छेदणारा पृष्ठभाग. एसटीएल फाइलमध्ये आणखी एक भर पडते : तेथे प्रत्येक त्रिकोण आपले तिन्ही कोपरे स्वतंत्र लिहितो, त्यामुळे एकच बिंदू सरासरी सहा वेळा लिहिला जातो. तो सहाही वेळा सारखाच वाचला जाईल, याची हमी नसते.

२१/ शिवण घालताना टॉलरन्स निवडणे हे या कामातील सर्वांत नाजूक पाऊल. फटी ०.०२ मिलिमीटरच्या असतील आणि आकारातील सर्वांत लहान खरी कड ०.५ मिलिमीटरची असेल, तर शिवणीची मर्यादा या दोहोंच्या मधे हवी. ०.०१ ठेवली तर फटी तशाच राहतील. १ ठेवली तर फटींबरोबर खऱ्या कडाही गिळल्या जातील आणि प्रणाली काम यशस्वी झाल्याचे सांगेल. म्हणून अनुभवी माणूस लहान मर्यादेपासून सुरू करतो, प्रत्येक वेळी उरलेल्या मोकळ्या कडा मोजतो आणि मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढवतो. जे तुकडे तरीही जुळत नाहीत ते काढून, शेजारच्या कडांच्या आधाराने तेथे नवा पृष्ठभाग ताणतो. नव्या पृष्ठभागाची वळणे शेजाऱ्याशी जुळतात का, हे पाहिल्याशिवाय पुढे जात नाही.

२२/ एक सोपी वाटही आहे. फाटक्या आकृतीभोवती संगणकाने बाहेरून एक अखंड आवरण घट्ट गुंडाळायचे. त्याला रॅपिंग म्हणतात. फटी आपोआप झाकल्या जातात आणि इंजिनखान्यासारख्या हजारो तुकड्यांच्या गर्दीत हाच शहाणपणा असतो. पण आवरण टोकदार कडा बोथट करते. पेल्टनच्या कण्यावर ते गुंडाळले तर ज्या धारेवर पाणी दुभंगते तीच गोल होईल. यंत्राचा प्राण जेथे आहे तेथेच आपण खाडाखोड केलेली असेल, आणि पडद्यावरचे रंगीत चित्र मात्र नेहमीइतकेच आत्मविश्वासाने उभे राहील.

२३/ येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याला आपल्या विद्येतील एक ओळखीचा प्रश्न दिसतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम हाती घेतले. देशभरातील बाराशेहून अधिक हस्तलिखिते मिळवली गेली. प्रत्येक प्रत कोणाची तरी नक्कल, प्रत्येकीत कोठे गाळलेले, कोठे घुसडलेले, कोठे दुबार. १९२५ पासून वि. स. सुखठणकरांनी संपादनाची शिस्त घालून दिली. १९३३ मध्ये आदिपर्व पूर्ण झाले आणि १९६६ मध्ये सारे काम तडीस गेले. प्रती हातोहात जाताना मजकूर जसा सांडतो आणि फुगतो, तसाच आकारही सांडतो आणि फुगतो.

२४/ संपादकांनी त्या दोषांचे काय केले, हे महत्त्वाचे आहे. त्यांनी एक संहिता निश्चित केली, पण निवड गुपचूप केली नाही. प्रत्येक पानाखाली पाठभेद दिले. मूळ पाठाविषयी खात्री कमी असेल तेथे अक्षरांखाली नागमोडी रेघ ओढली. वाचकाला कळावे की येथे पोथी बोलत नसून संपादकाचा निर्णय बोलतो आहे. दुरुस्ती करणे आणि दुरुस्तीची खूण ठेवणे ही दोन्ही कर्तव्ये त्यांनी एकच मानली.

२५/ दुरुस्त केलेल्या कॅड फाइलला बहुधा पाठभेद नसतात. कोणती फट कोणत्या मर्यादेने शिवली, कोणते भोक 'लहान आहे' म्हणून बुजवले, कोणती गोलाई काढली, कोणता तुकडा अंदाजाने नव्याने ताणला, हे त्या माणसाच्या स्मरणात असते. तो दुसऱ्या कामावर गेला की ते ज्ञानही जाते. मागे राहते ती गुळगुळीत, अखंड, निःशंक वस्तू. सहा महिन्यांनी प्रत्यक्ष यंत्राची चाचणी आणि संगणकाचे उत्तर जुळले नाही, तर संशय आधी समीकरणांवर घेतला जातो, मग जाळीवर. आकृतीच्या डागडुजीची आठवण सर्वांत शेवटी होते, कधी होतही नाही.

२६/ हे टाळण्यास मोठा खर्च लागत नाही. आलेली मूळ फाइल हात न लावता जपावी. दुरुस्तीपूर्वीचे आणि नंतरचे क्षेत्रफळ व घनफळ लिहून ठेवावे; फरक नगण्य नसेल तर थांबावे. दुरुस्त पृष्ठभाग मुळावर ठेवून सर्वाधिक अंतर कोठे पडते ते मोजावे. नव्याने ताणलेल्या तुकड्यांना वेगळा रंग किंवा नाव द्यावे. ही आपली नागमोडी रेघ. आणि जेथे प्रवाहाचे भवितव्य ठरते, म्हणजे धार, तोटीचे ओठ, पात्याचे टोक, तेथे स्वयंचलित दुरुस्तीवर विसंबू नये. शक्य असेल तर मूळ प्रणालीतूनच तो भाग नव्याने मागवावा.

२७/ सारांश. आयात केलेल्या आकृतीतील फट बहुतेक वेळा कोणाची चूक नसते. वेगवेगळ्या कारखान्यांनी वेगवेगळ्या हेतूंनी घडवलेल्या गणितांचा, तात्पुरती म्हणून आलेल्या पण कायम झालेल्या एका फाइल-रचनेचा आणि ३२४ घाताच्या रेषेशी केलेल्या तडजोडीचा तो वारसा आहे. वारसा नाकारता येत नाही, दुरुस्त करता येतो. मात्र प्रत्येक दुरुस्ती हा निर्णय आहे आणि निर्णयाची नोंद झाली नाही तर पुढच्या माणसाच्या हाती येणारी वस्तू मूळ कोणती आणि डागडुजी कोणती, हे कोणालाच सांगता येत नाही.

२८/ आमच्याकडे कालव्याच्या पाण्यावर शेती करणाऱ्यांना हे नवे वाटणार नाही. बांध कोठे फुटला होता आणि कोणी कसा बांधला, हे ज्याला ठाऊक असते तोच पुढच्या पाळीला पाणी सोडताना कोठे उभे राहायचे ते जाणतो. धागा येथे पूर्ण होतो. आपल्यापैकी कोणी हे डागडुजीचे काम प्रत्यक्ष करत असाल, तर आपल्या नोंदी जपून ठेवा. उद्याचा अभियंता त्या शोधेल, आणि परवाचा इतिहासकारही.